पाच तोळे मेहर

खामगावच्या एका जुन्या गल्लीत कनीजच्या माहेरचा धंदा तीन पिढ्यांपासून एकच, कापूस पिंजायचा आणि गाद्या भरायच्या. आजोबा खांद्यावर पिंजण टाकून गावोगाव हिंडायचे. बापानं गल्लीतच दुकान थाटलं, आणि आता ते भाऊ मकसूद चालवतो. फोमच्या गाद्या आल्यापासून धंदा निम्म्यावर आला, तरी लग्नसराईत आणि दिवाळीच्या आधी जुन्या गाद्या उकलून पुन्हा भरून घ्यायला लोक येतातच. मागच्या खोलीत कनीज दोरे घालत बसलेली असते. हातभर लांब सुई गादीच्या आरपार घालायची, खालून ओढायची, गाठ मारायची. हाताला जेवढा वेग, तेवढाच तोंडाला. गल्लीत म्हणतात, हिची सुई कापसात जाते आणि जीभ माणसात.

पण लग्नाच्या वेळी ती अशी नव्हती. विशीची पोर होती, मान खाली घालून बसलेली. मेहकरचा लियाकत तिला पाहायला आला तेव्हा तिनं त्याचे फक्त बूट पाहिले होते.

लग्न ठरवताना सगळं गोडीत चाललं होतं, फक्त मेहरपाशी, नवऱ्यानं बायकोला द्यायच्या हक्काच्या रकमेपाशी, गाडी अडली. मुलाकडचे म्हणाले, अकरा हजार रुपये लिहू. कनीजची अम्मी पडद्यामागून म्हणाली, "पैसे नको. सोनं लिहा. पाच तोळे."

बैठकीत कुजबुज झाली. बाईनं पडद्यामागून भाव सांगावा, हे कुणाला रुचलं नाही. मकसूदनंही डोळे वटारले. पण अम्मी हटली नाही. तिची स्वतःची मेहर एक हजार एकशे एक रुपये होती आणि कनीजचा बाप ती कधीच देऊ शकला नाही. तो वारला, जनाजा उचलायची वेळ झाली, तेव्हा नात्यातल्या चार बाया अम्मीजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, माफ करून टाक, नाहीतर त्याच्या मानेवर ओझं राहील. समोर नवऱ्याचं प्रेत, दारात खांदेकरी उभे. अम्मीनं माफ केलं. नंतर ती कनीजला अनेकदा सांगायची, "मी माफ केलंच असतं गं. हजार रुपयाचं काय घेऊन बसले होते मी? पण असं दारात माणसं उभी करून विचारतेत का?"

म्हणून सोनं. रुपया झिजतो, सोनं झिजत नाही, हे अम्मीचं गणित. शेवटी लियाकतच्या बापानं हात झटकले, म्हणाला, लिहा पाच तोळे, द्यायची वेळ थोडीच येते. निकाहनाम्यावर पाच तोळे सोनं लिहिलं गेलं, पुढे द्यायचं म्हणून. सगळ्यांनी खजूर खाल्ले.

त्या रात्री लियाकत पलंगाच्या कडेवर बसून म्हणाला, "ते मेहरचं माफ करून टाक ना. उगा डोक्यावर राह्यते."

कनीज बांगड्यांकडे पाहत राहिली. हो म्हणावं तर अम्मीचा चेहरा समोर येत होता. नाही म्हणावं तर पहिल्याच रात्री नवऱ्याला नाही कसं म्हणायचं? ती काहीच बोलली नाही. लियाकतनं थोडा वेळ वाट पाहिली, मग उठून पंखा वाढवला. विषय तिथंच संपला, असं तिला वाटलं.

लियाकत वाईट माणूस होता, असं कनीज आजही म्हणत नाही. मेहकरात त्याचा टेम्पो होता. सोयाबीनची पोती बाजार समितीत पोचवायची, परत येताना किराणा भरायचा. दारू नव्हती, मारहाण नव्हती. फक्त त्याला कुठल्याच गोष्टीत फार दिवस रस राहत नसे. मोबाइल सहा महिन्यांत जुना व्हायचा, टेम्पोचा रंग वर्षाआड बदलायचा. पोरगी झाली, बुशरा, तेव्हा महिनाभर तिला खाली ठेवलं नाही, आणि नंतर ती कितवीत आहे तेही त्याला विचारावं लागायचं. सासू हुरमतबी घरात अशी की सकाळच्या चहापासून रात्रीच्या भांड्यांपर्यंत तिचं बोलणं थांबत नसे. मीठ जास्त, कांदा जाड, पोरगी बारीक, सून उद्धट. कनीजच्या तोंडाला वेग आला तो त्या घरातच. उत्तर दिल्याशिवाय तिथं घासही गिळता येत नव्हता.

लग्नाला दहा-अकरा वर्षं झाली आणि इकडे खामगावात अम्मी अंथरुणाला खिळली. कनीज बुशराला घेऊन अम्मीची सेवा करायला माहेरी आली. आली ती आलीच. लियाकतचा फोन आधी रोज यायचा, मग जुम्म्याला, मग बंद. एक दिवस पोस्टमन एक रजिस्टर लिफाफा देऊन गेला. मेहकरच्या वकिलाकडून आलेली पहिल्या तलाकची नोटीस होती ती. महिन्यानं दुसरी आली. एका दमात तीनदा म्हटलं तर आता तुरुंग आहे, हे लियाकतला कुणीतरी नीट समजावलं होतं. तिसरी नोटीस आली तेव्हा अम्मीला जाऊन महिनाही झाला नव्हता. घरात पाहुण्यांच्या चटया अजून भिंतीला लावलेल्या होत्या.

लियाकतनं मामाच्या गावची कुणी नाजनीन पाहून ठेवली होती, हे कनीजला सगळ्यात शेवटी कळलं. गल्लीला आधीच माहीत होतं.

ती रडली, पण फार नाही. तलाकनंतर थांबायचे इद्दतीचे दिवस संपले तसं तिनं मकसूदला म्हटलं, "भाई, माही मेहर मागा. पाच तोळे."

मकसूद जेवत होता. म्हणाला, "हक आहे तुहा. पण इतक्यात नको. आताच झालंय सगळं, लोक काय म्हणतील?"

"लोकांचे आहेत का पाच तोळे?"

"पाहू," मकसूद म्हणाला आणि वरण वाढायला सांगितलं.

महिना गेला, दोन गेले. कनीज स्वतःच मोहल्ल्यातल्या हाजी गनीसेठकडे गेली. गनीसेठचा सरकीच्या पेंडीचा व्यापार, वजनदार माणूस, समाजातली भांडणं त्यांच्या ओट्यावर मिटायची. त्यांनी तिला खुर्ची दिली, सुनेला चहा ठेवायला लावला, सगळं ऐकून घेतलं.

"बेटी, मेहर तर नवऱ्यावरचं कर्ज आहे," ते म्हणाले. "अल्लाहच्या दारात जाब द्यावा लागतो. मेला तरी त्याच्या मालातून आधी मेहर द्यायची, मग वारसांचं. यात दोन मत नाही."

कनीजला बरं वाटलं. पहिल्यांदा कुणीतरी सरळ बोललं.

"पण," गनीसेठ म्हणाले, "आपण बसून बोलू. कोर्टकचेरीत आपल्या समाजाची बदनामी होते. मी लियाकतले बोलावतो."

पहिल्या बैठकीला लियाकतचा टेम्पो बिघडला. दुसऱ्या बैठकीला त्याच्या मामाकडे कुणी आजारी पडलं. तिसऱ्या बैठकीला तो येतो म्हणाला, ओट्यावर चटई घातली, थर्मासमध्ये चहा भरला, आणि संध्याकाळी त्यानं फोन उचलणं बंद केलं. गनीसेठ दाढी कुरवाळत म्हणाले, "बेटी, मी असं म्हणतो, दोन तोळ्यावर मिटवून टाक. तुही पण इज्जत राहील, त्याची पण."

"हाजीसाहेब, कर्ज आहे म्हणाले होते ना तुम्ही?"

"हाव, आहेच की."

"मंग तुमची पेंड कोणी उधार नेली अन् पैसे दिले नाही, तं तुम्ही दोन आण्यावर मिटवता का?"

गनीसेठ हसले नाहीत. घरी मकसूदला निरोप आला की तुमच्या बहिणीला जरा बोलण्याचं भान नाही. मकसूदनं दोन दिवस तिच्याशी बोलणं टाकलं. कनीजनं ते दोन दिवस निवांत दोरे घातले.

धम्मशीला वकीलीणबाई दुकानात आल्या त्या गादीसाठी. पोरगी अकोल्याला होस्टेलवर निघाली होती, तिला एक गादी आणि दोन उश्या हव्या होत्या. चाळिशीची, ठेंगणी, घाईत चालणारी बाई. मकसूद बाहेर गेला होता म्हणून माप कनीजनं घेतलं. बोलता बोलता विषय निघाला, आणि कनीजनं सुई गादीत खोचून ठेवून सगळं सांगून टाकलं, नोटिसांपासून गनीसेठच्या थर्मासपर्यंत.

"कनीजताई, तुमच्यासाठी वेगळा कायदा आहे," धम्मशीला म्हणाल्या. "मुस्लिम बाईला तलाक दिला की ठरलेली मेहर द्यावी लागते. इद्दतीतला खर्च आणि पुढची तरतूद वेगळी. माहेरून नेलेलं सामान वेगळं. तुम्ही राहता तिथल्याच कोर्टात अर्ज करायचा, मेहकरला जायची गरज नाही. आणि महिन्याभरात निकाल लावा, असं कायद्यातच लिहिलंय."

"महिन्याभरात?"

"लिहिलंय तसं. पण—"

"मॅडम, पण म्हणू नका," कनीज एकदम म्हणाली. "हात जोडते. माह्या कानाले आता तो शब्द सहन होत नाही."

धम्मशीला हसल्या. "बरं. तरी सांगते, वेळ लागेल. नवरा यायला हवा, बोलायला हवा. टाळणारा असला तर वैताग येईल. तयारी आहे?"

"वैतागाची तं मले सवय आहे," कनीज म्हणाली. "अकरा वर्षं सासूमायजवळ काढली."

अर्ज टाकला. समन्स मेहकरला गेलं आणि 'घरी नाही' म्हणून परत आलं. पुन्हा गेलं, पुन्हा परत. तिसऱ्यांदा धम्मशीलाबाईंनी पत्ता बाजार समितीचा दिला. तिथं पोती उतरवताना लियाकत सापडला आणि सही करावी लागली. मग त्याच्या वकिलानं मुदत मागितली. मग वकील आजारी. मग लियाकत आजारी, सोबत डॉक्टरचं प्रमाणपत्र. त्याच आठवड्यात त्यानं नव्या टेम्पोसमोर उभं राहून काढलेला फोटो कुणीतरी बुशराच्या मोबाइलवर पाठवला. कनीज दर तारखेला सकाळी पाण्याची बाटली घेऊन जायची, कोर्टाच्या आवारात लिंबाखाली बसायची, आणि दुपारी पुढची तारीख घेऊन परत यायची. एकदा तर तिनं सोबत एका उशीची खोळ नेली आणि तिथंच शिवून काढली. शिपाई म्हणाला, ताई, इथं दुकान लावू नका. ती म्हणाली, मंग माहा माणूस आणून द्या, उठते मी.

घरी मकसूदची बायको दर तारखेच्या दिवशी भांडी जरा जोरात आपटायची. गल्लीतल्या बाया विचारायच्या, झालं का गं? जणू भात शिजला का विचारावं तसं.

अखेर लियाकतचा लेखी जबाब आला. धम्मशीलाबाईंनी तो वाचून दाखवला. त्यात दोन गोष्टी होत्या. पहिली, कनीजनं लग्नाच्या रात्रीच राजीखुशीनं मेहर माफ केली होती. दुसरी, माफ केली नाही असं कोर्टाला वाटलंच, तर लग्नाच्या वेळच्या भावानं पाच तोळ्यांचे जेवढे होतात तेवढे रुपये द्यायला तो तयार आहे.

कनीज ताडकन उभी राहिली. "एक काहीतरी बोल ना, बाबा! माफ केली असंल तं भाव कायले सांगून राह्यला? अन् भाव सांगतो तं माफ कशी केली?"

"कोर्टात असं चालतं," धम्मशीला म्हणाल्या.

"माह्या घरी चालत नाही. पोरगी म्हणाली, मी बिस्किट खाल्लंच नाही अन् खाल्लं तं एकच खाल्लं, तं मी काय करीन?"

लग्नाच्या वेळी सोन्याचा तोळा अठरा-वीस हजारांत मिळत होता. आता त्याच पैशात पाच सोडा, दोन तोळेही येत नव्हते. अम्मीला हे कसं कळलं होतं, याचं कनीजला नवल वाटायचं.

तिची साक्ष झाली. लियाकतच्या वकिलानं चष्मा पुसत विचारलं, "अकरा वर्षं संसार केला. एकदाही मेहर मागितली नाही. याचा अर्थ काय?"

"मागितली असती तं अकरा वर्षं झाली असती का, साहेब?"

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. वकिलानं पुढं विचारलं, पहिल्या रात्री पतीनं मेहर माफ करायला सांगितलं तेव्हा तुम्ही नकार दिला का? कनीज म्हणाली, नाही. होकार दिला का? नाही. मग काय केलं? "गप बसले," ती म्हणाली. वकिलानं मोठ्या आवाजात सांगितलं की निकाहाच्या वेळी मुलीचं गप बसणं होकार मानतात, मग इथं का मानू नये? कनीजला काहीतरी खणखणीत बोलावंसं वाटलं, पण नेमकं तेव्हाच काही सुचलं नाही. परत येताना वाटभर सुचत राहिलं. विहिरीतून बाहेर काढल्यावर पोहणं आठवावं तसं.

मग लियाकतनं साक्षीदार म्हणून आईला आणलं.

हुरमतबी मेहकरहून एसटीनं आली होती, गुडघे धरत, बुरख्याच्या आत घामानं चिंब. तिला पाहून कनीजच्या मनात आलं, ही बाई आता काय काय बोलेल? मिठापासून सुरू करेल. हुरमतबीच्या नावानं आधीच लिहून दिलेलं होतं की लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेनं तिला स्वतःच्या तोंडानं सांगितलं, मी मेहर माफ केली. खाली अंगठा होता.

धम्मशीलाबाई उठल्या. "मावशी, हे तुम्ही सांगितलं का?"

"काय?"

"की सून म्हणाली, मेहर माफ केली."

"ते वकिलानं लिहिलं," हुरमतबी म्हणाली. "मले कोणी वाचून दाखवलं? म्हणे, अंगठा लाव, पोराचं काम आहे. लावला."

लियाकतचा वकील उठून काही बोलू लागला. न्यायाधीश बाईंनी त्याला बसायला सांगितलं आणि हुरमतबीला विचारलं, "मावशी, तुम्ही शपथ घेतली आहे. खरं काय झालं ते सांगा."

हुरमतबीनं एकदा पोराकडे पाहिलं, एकदा कनीजकडे. मग जी सुरू झाली ती थांबेना. "सकाळी मी चहा घेऊन गेली. विचारलं, माफ केलं का गं? तं ही नुसती चहाकडे पाहून राह्यली. चहा मी केला होता, सुनेनं करायचा असतो, तरी मी केला. मी म्हटलं, काही बोल तं. नाही बोलली. नंतर बी कधी नाही बोलली. बाकी सगळं बोलली ही मले! कांद्यावरून बोलली, पोरीच्या सर्दीवरून बोलली. मेहरचं एक अक्षर नाही."

"म्हणजे माफ केली नाही?"

"कशी केली म्हणू? मले बी मरून अल्लाहजवळ जायचंय," हुरमतबी म्हणाली. "माफ तं नाही केली. पण मी म्हणते, मागायची लाज वाटली पायजे का नाही? घरच्या गोष्टी इथं आणल्या. अन् भाजीत मीठ तं कधीच नीट नव्हतं, ते बी लिहून घ्या."

लियाकत खाली पाहत होता. त्याचा वकील कागद चाळत होता. कनीजला हसावं का रडावं कळेना. सगळ्या जगानं तिची बाजू तोलून मापून, पाय ओढत घेतली होती, आणि जिनं सरळ घेतली ती तिला शिव्या देत होती. बाहेर आल्यावर ती हुरमतबीजवळ पाण्याची बाटली घेऊन गेली. म्हातारीनं बाटली घेतली, अर्धी प्याली, म्हणाली, "बुशरा बारीकच दिसते अजून," आणि गुडघे धरत एसटी स्टँडकडे निघून गेली.

निकाल कनीजच्या बाजूनं लागला. मेहर माफ केल्याचं नवऱ्यानं सिद्ध करायचं असतं, ते त्यानं केलं नाही. बायकोनं स्वखुशीनं, कळून-सवरून माफ करायला हवं, गप बसणं म्हणजे माफी नव्हे. लियाकतनं पाच तोळे सोनं द्यावं किंवा देण्याच्या दिवसाच्या भावानं रक्कम भरावी. इद्दतीचा खर्च आणि पुढची तरतूदही मंजूर झाली, मागितली त्यापेक्षा कमी. गल्लीत पेढे वाटायचे का, असं बुशरानं विचारलं. कनीज म्हणाली, आधी येऊ दे.

येतंय कुठं? लियाकत वरच्या कोर्टात जाईन म्हणाला, गेला नाही. देतो म्हणाला, दिलं नाही. शेवटी वसुलीचं वॉरंट निघालं आणि न भरल्यास तुरुंगाची गोष्ट आली, तेव्हा एक दिवस तो स्वतः दुकानावर आला. दाढीत पांढरे केस दिसत होते. मकसूद घाईघाईनं आत चहा सांगायला गेला, जसा काही जावईच आला होता.

लियाकतनं खिशातून पुरचुंडी काढून कनीजपुढे ठेवली. "मोजून घे. सराफाकडून वजन करून आणलं. फिटलं एकदाचं."

कनीजनं पुरचुंडी उघडली. आत एक हार होता, दोन कानातले, चार बांगड्या. हारात मधे मोराचं पदक, नवं कोरं. बांगड्या अगदी बारीक मनगटाच्या, तिच्या हातात कधीच न जाणाऱ्या.

"हे कोणाचं आहे?"

"आता तुहं."

"मी विचारलं, कोणाचं आहे."

लियाकत चुळबुळला. "नाजनीनचं आहे. तिनं दिलं. घरचंच तं आहे."

"तिच्या मेहरचं आहे का?"

"काही तिच्या मेहरचं, काही तिच्या बापानं घातलेलं. तुले काय करायचं? सोनं सोनं असते."

कनीजनं पुरचुंडी पुन्हा बांधली. चार वर्षं ती या पुरचुंडीची वाट पाहत होती. ती उघडून पाहिली आणि आत दुसऱ्याच बाईचे हात निघाले.

"घेऊन जा," ती म्हणाली. "तुही मेहर तू दे. टेम्पो विक. दोन आहेत ना? नाहीतर जेलात बस. तिच्या अंगावरचं काढून माह्या अंगावर घालू नको."

आतून मकसूद चहाचा ट्रे घेऊन आला होता, तो तसाच उभा राहिला. "डोकं फिरलं का तुहं? आलेलं सोनं परत करते?"

संध्याकाळी धम्मशीलाबाईंचा फोन आला. लियाकतच्या वकिलानं त्यांना कळवलं होतं. "कनीजताई, अहो, मिळत होतं ते घ्यायचं! कोर्टाच्या हुकमात कुठं लिहिलंय की कोणाचं सोनं? त्याच्या घरातलं त्याचं प्रकरण! आता परत वॉरंट, परत तारीख. चार वर्षं मी तुमच्यामागं पळाले, आता तुम्हीच मला दमवता?"

"मॅडम, तुम्ही म्हणता ते बरोबर आहे," कनीज म्हणाली. "पण—" आणि जीभ चावली.

पलीकडून मोठा सुस्कारा ऐकू आला.

लियाकतनं जुना टेम्पो विकला. कोर्टात तीन हप्त्यांत रक्कम भरली, प्रत्येक हप्ता दोन-दोन स्मरणपत्रांनंतर. दरम्यान सोन्याचा भाव आणखी चढला आणि हप्ता उशिरा भरल्यामुळे त्यालाच जास्त पडलं. त्यानं त्याचा दोषही कनीजलाच दिला. पैसे खात्यात आले त्या दिवशी ती बँकेतून घरी आली आणि पहिल्यांदा दोन तास झोपली. उठली तेव्हा मकसूद समोर बसलेला.

"आता मी काय म्हणतो," तो म्हणाला. "चार वर्षं तू अन् बुशरा इथं जेवले. मी हिशेब नाही मागत. पण पैसे दुकानात लावू. माह्या नावानं मोठ्या शटरचा गाळा घेऊ."

"भाई, चार वर्षं गाद्यांचे दोरे कोणी घातले?"

"ते घरचं काम आहे."

"मग जेवणही घरचंच होतं."

तिनं ठरवलं होतं ते सांगितलं. पिंजण्याचं नवं मशीन घ्यायचं, मागच्या खोलीत बसवायचं, आपल्या नावानं. जुन्या गाद्यांचा कापूस लोक गावभर हिंडून पिंजून घेतात, मकसूदचं जुनं मशीन सारखं बंद पडतं. अर्ध्या गावाचं काम तिच्याकडे येईल. बुशरा दहावीला आली होती, तिच्यासाठी काही बाजूला ठेवायचं. मशीनला जास्त दाबाच्या विजेचं मीटर लागत होतं आणि त्याच्या अर्जावर घरमालकाची सही हवी होती. घर मकसूदच्या नावावर.

"पाहू," मकसूद म्हणाला.

त्याच्या मनात राग नव्हता, आळसही नव्हता. बहीण आपल्याच घरात आपल्यावाचून काही उभं करते आहे, हे त्याच्या पचनी पडत नव्हतं, एवढंच. आठवडा गेला. मशीन पोत्यात गुंडाळून अंगणात येऊन पडलं. कनीजनं कागद त्याच्या ताटाजवळ ठेवला, चहाजवळ ठेवला. तो कागद उचलून फळीवर ठेवायचा आणि पुन्हा म्हणायचा, पाहू.

लग्नसराई तोंडावर आली होती. एक दिवस कनीजनं सुई भिंतीला टांगली आणि बुशराबरोबर आतल्या खोलीत बसून बटाटे सोलू लागली. गिऱ्हाईकं येऊ लागली. मेहकर रोडच्या एका लग्नाच्या आठ गाद्या, कुणाच्या बाळंतिणीसाठी एक, एका मंगल कार्यालयाच्या लोडांची रास. मकसूदनं स्वतः दोरे घालायला घेतले. दुसऱ्या दिवशी त्याच्या बोटाला दोन ठिकाणी पट्ट्या होत्या आणि एका गादीचे टाके वाकडेतिकडे गेले होते. गिऱ्हाईक ती परत घेऊन आलं.

तो आत आला. "कुठं करायची सही?"

कनीजनं फळीवरून कागद काढून दिला. त्यानं उभ्यानंच, भिंतीवर टेकवून सही केली, पेन खाली टाकला. "अम्मी असती तं तुले काही बोलली असती."

"अम्मी असती तं शटर बी माह्या नावानं लिहून घेतलं असतं," कनीज म्हणाली आणि सुई घ्यायला उठली.

मीटर लागलं. मशीन सुरू झालं त्या दुपारी मागच्या खोलीत इतका आवाज आणि इतका कापूस उडाला की बुशरा ओढणी तोंडाला बांधून पळून गेली. गल्लीतल्या गोजरबाई एक जुनी गादी घेऊन आल्या होत्या, त्या दारातूनच ओरडून भाव विचारत होत्या, आणि कनीज ओरडून सांगत होती. कापसाचे पांढरे तुकडे दुकानापर्यंत तरंगत गेले.

"दार लाव!" मकसूद पुढून ओरडला. "माह्या चहात पडून राह्यलं ते!"

"काय?" कनीज म्हणाली. तिला खरंच काही ऐकू येत नव्हतं.